मेंढराच्या चित्रफितीचे बारा पौंड

डोंबिवली (पूर्व)
१६ डिसेंबर

चि. मनू,

तुझा बोलका निरोप आणि त्यापाठोपाठ आलेली क्लिप, दोन्ही मिळालं. क्लिप मावशीनं जेवणाआधी पाहिली, जेवणानंतर पाहिली, शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवली. शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढरू झालेली, अंगभर कापूस डकवलेली तुझी चिऊ आणि तिचं ते एकच 'बेंऽऽ'! ताई तर फोनवर बोलता बोलता रडायलाच लागली. मग सवडीनं तुझा निरोप ऐकला. शाळेनं मोबाइल काढायचा नाही म्हणून बजावलं होतं, रेकॉर्डिंग हवं असेल तर बारा पौंड भरा म्हणून कळवलं होतं, आणि तू फोन स्कार्फमध्ये धरून गुपचूप शूटिंग केलंस. "स्वतःच्या पोरीला बघायला पैसे? एक पेनी देणार नाही." वर विचारतेस, "मावशी, तूच सांग, शाळेचं हे बरोबर आहे का?"

आधी रागावून घेऊ दे. उत्तर मग.

त्या क्लिपमध्ये चिऊ अर्धा वेळ कडेला आहे. बाकी चौकटभर दिसतात ती दुसऱ्यांची मुलं: डोक्यावर पंचा बांधलेला एक मेंढपाळ, चंदेरी झिरमिळ्या लावलेली ती उंच देवदूत, नाक पुसणारा एक राजा. तू ती घरच्या गटात टाकलीस, संध्याकाळपर्यंत तुझ्या बेळगावच्या वन्संनी स्टेटसवर चढवली, आणि काल काकूंच्या भिशीच्या गटातही ती फिरत होती. इंग्लंडातल्या तुमच्या रेडिंगमधलं कुणाचं तरी लेकरू डोंबिवलीच्या भिशीत पोचलं आणि त्याच्या आईला गंधवार्ता नाही. तू एवढी समंजस मुलगी, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?

कायद्याचं म्हणशील, तर शूटिंगपुरता तो तुझ्या बाजूचा आहे. तिकडे 'डेटा प्रोटेक्शन'चं नाव सांगून शाळा कॅमेरे बंद करतात, आणि माहिती आयुक्तांचं कार्यालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की आईबापांनी घरच्यासाठी काढलेल्या फोटोंना हा कायदा लागूच होत नाही. त्यांनी शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात तर उदाहरणच नाताळच्या नाटकाचं होतं: नातवंडाचं नाटक बघायला आलेल्या आजीला किंवा आजोबांना त्याचं चित्रण करायचं असेल, तर तो घरगुती वापर, कायद्याचा संबंध नाही. पण घरगुती म्हणजे घरातलं. स्वीडनमधल्या चर्चमध्ये काम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या सहकाऱ्यांची माहिती स्वतःच्या वेबपानावर घातली होती. कुणी पाय दुखावल्यामुळे अर्धवेळ रजेवर आहे, अशा साध्यासुध्या गोष्टी. २००३मध्ये युरोपच्या न्यायालयानं निकाल दिला की अगणित लोकांना दिसेल असं काही टाकलं, की त्याला खाजगी आणि घरगुती म्हणता येत नाही. म्हणजे तुझा फोन चालला असता; वन्संचं स्टेटस आणि भिशीचा गट हे मात्र घर नव्हे.

मग कायदा आड येत नसताना मुख्याध्यापिका फोन का बंद करायला लावते? जागा शाळेची, तेव्हा नियम शाळेचा, हे झालं एक. दुसरं कारण तिला सभागृहात उभं राहून सांगता येत नाही. एखाद्या वर्गात दत्तक गेलेलं मूल असतं आणि जन्मदात्या घरापासून त्याचा ठावठिकाणा लपवायचा असतो. एखादं मूल सरकारी देखरेखीखाली दुसऱ्याच कुटुंबात वाढत असतं. एखादी आई मार खाऊन रातोरात दुसऱ्या गावी आलेली असते, आणि शाळा ओळखू येईल असा एक फोटो तिचं नवं गाव उघडं करू शकतो. अशा मुलाला नाटकातून वगळावं तर त्याचा काय गुन्हा? आणि त्याच्यापुरताच नियम लावावा तर सगळ्यांना कळतं. म्हणून सरसकट सगळ्यांचे फोन बंद, त्या एका पोराला बाकीच्यांसोबत उभं राहता यावं म्हणून. मावशीनं सगळी नोकरी शाळेत काढली आहे, मनू. कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय हे बाईंना ठाऊक असतं आणि ते त्यांना ओठांवर आणता येत नाही. चाळीसगावचा असाच एक मुलगा तुला आठवत असेल. त्याचं नाव इथे नको.

बऱ्याच शाळा नाटक संपल्यावर मुलांना त्याच कपड्यांत पाच-दहा मिनिटं थांबवतात, आपापल्या पोराचा फोटो काढून घ्या म्हणतात. तुमच्या शाळेत तसं होतं की नाही, हे तू सांगितलंच नाहीस.

आता पैशाचं. नाताळचं नाटक आणि पैसा यांची सोयरीक फार जुनी आहे. तुझं इंग्लंडातलं पहिलं बिऱ्हाड कॉव्हेंट्रीत होतं, त्या गावाचंच घे. मध्ययुगात तिथे बायबलातल्या कथांचे खेळ चाकाच्या मंचांवर रस्त्यांतून व्हायचे आणि एकेक खेळ एकेका धंद्याचा संघ उचलायचा. येशूजन्माचा खेळ लोकरी कापड कातरणाऱ्यांच्या आणि शिंप्यांच्या संघाकडे होता. लोहारांकडे क्रुसावरच्या यातनांचा. त्या लोहारांच्या १५७३ सालच्या जमाखर्चात एका माणसाला कोंबड्याची बांग दिल्याबद्दल चार पेन्स दिल्याची नोंद आहे! यॉर्कमध्येही या खेळांसाठी संघांच्या लोकांकडून वर्गणी गोळा व्हायची. तेव्हा श्रद्धेच्या गोष्टीत पैसा आला म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. विचारायचं ते एवढंच, की पैसा कशाकशाला लागला आणि त्यापायी कोण बाहेर राहिलं.

कशाला लागला ते ऐक. चिऊच्या नाटकातली गाणी कुणीतरी लिहिलेली आहेत, कुणीतरी चाली लावलेल्या आहेत. तिकडे अशी तयार संगीतिका प्रकाशकाकडून घ्यायची असते, संहिता आणि वाजवायच्या संगीतासकट. ब्रिटनच्या १९८८च्या कॉपीराइट कायद्याचं ३४वं कलम म्हणतं की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेला प्रयोग जाहीर प्रयोग मानायचा नाही. पण त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की केवळ पालक आहे म्हणून कुणी शाळेच्या कामाशी थेट संबंधित ठरत नाही. आईबाप खुर्चीवर येऊन बसले की प्रयोग जाहीर झाला आणि परवाना घ्यावा लागला. आपला १९५७चा कायदा इथे मोकळ्या मनाचा आहे. त्याच्या ५२व्या कलमात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या जोडीला पालकांनाही प्रेक्षकांत धरलं आहे. आपल्या गॅदरिंगमध्ये कुणी परवान्याचं नाव काढत नाही, म्हणून तुला त्या परवान्याची रक्कम दिसली नाही.

शिवाय प्रयोगाचा परवाना वेगळा, चित्रण करण्याचा वेगळा, ते इंटरनेटवर चढवण्याचा आणखी वेगळा असू शकतो. इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाच्या शाळांसाठी शिक्षण खातं कॉपीराइटचे बरेचसे परवाने एकगठ्ठा घेतं, पण अशा संगीतिकेच्या प्रयोगाची परवानगी शाळेला ज्याच्या त्याच्या प्रकाशकाकडूनच घ्यावी लागते. मग कॅमेरावाला, त्याचा मायक्रोफोन, घरी बसून केलेलं संकलन, लिंकला लावलेला पासवर्ड. त्यातून उरलंच तर पालक-शिक्षक मंडळाच्या खात्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सहलीत नाहीतर पुस्तकांत. हा हिशेब तुझ्या शाळेनं कागदावर दिला नसेल, तर तो मागायचा तुला हक्क आहे आणि तू तो मागावास. फोन स्कार्फमध्ये लपवण्यापेक्षा हे सरळ झालं असतं.

आता जिव्हाळ्याचा मुद्दा, आणि तो तुझ्या बारा पौंडांहून बराच मोठा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात धर्मशाळेचा मालक नाही. गाढव नाही. बोलणारं मेंढरू तर नाहीच. मत्तयनं पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची संख्यासुद्धा दिलेली नाही. मग रंगमंचावर एवढी गर्दी कुठून आली? वर्गातून. इंग्लंडमध्ये पाच-सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३०पेक्षा जास्त मुलं असू नयेत असं १९९८च्या कायद्यापासून ठरलं आहे. पण त्या तीसही जणांना नाटकात काहीतरी व्हायचं असतं आणि मेरी एकच असते. म्हणून मेंढरं, तारे, उंट, दार उघडणारा, दार लावणारा. 'लव्ह अ‍ॅक्च्युअली' या २००३च्या सिनेमात एक चिमुरडी येशूच्या जन्माला हजर असलेली पहिली नंबरची शेवंड झालेली असते, आठवतं? लोक त्याला हसले, पण कुठल्याही बालवाडीच्या बाईंना विचार. शेवंडीचं काम त्या मुलीसाठी शोधलेलं असतं. कुणीही खाली बसून राहू नये, एवढ्यासाठी बाई आठवडेच्या आठवडे डोकं चालवतात.

आणि आईबापांचा मोबाइल काय करतो? तो तीस मुलांतून एक कापून घेतो. चिऊचं 'बेंऽऽ' मिळालं, पण ते कुणाला उद्देशून होतं, तिच्या आधी कोण काय बोललं, कोण वाक्य विसरलं आणि त्याला मागून कुणी हळूच सांगितलं, हे तुझ्या क्लिपमध्ये काही नाही. तिपाईवर ठेवलेल्या एका कॅमेऱ्यानं अख्खा मंच घेतला, की नाटक राहतं. चिऊ वीस वर्षांनी ते बघेल तेव्हा स्वतःला अर्धा मिनिट बघेल आणि उरलेला वेळ म्हणेल, अगंबाई, ही माझ्या शेजारी बसायची! हा मुलगा नंतर शाळा सोडून गेला! तिच्या बालपणात ती एकटी नव्हती, हे तिला दुसरं कोण दाखवणार? तुझ्या लहानपणीच्या माकडाच्या नाचाचा तो एकुलता फोटो आहे ना, आप्पांनी काढलेला, त्यात तुझ्यामागे अर्धवट दिसणारा हात कुणाचा यावर तुम्ही दोघी बहिणी अजून भांडता.

आपल्याकडे तरी कोण शहाणं आहे? गॅदरिंगला आता रंगमंचापुढे पालकांचीच भिंत उभी असते, प्रत्येकाचा हात वर, मागच्या रांगेतल्या आजीला पडद्याची दोरीसुद्धा दिसत नाही. शाळा शूटिंगवाल्याला काम देते. आधी सीडी मिळायची, मग पेन ड्राइव्ह, आता सरळ यूट्यूबची लिंक, जगाला उघडी, खाली शाळेचं नाव, गावाचं नाव, कधी मुलांची पूर्ण नावंसुद्धा. आपल्याकडे २०२३मध्ये कायदा झाला की १८ वर्षांखालच्या मुलांची डिजिटल माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. घरगुती वापराला तिथेही सूट आहे, पण शाळेनं जगापुढे टाकलेला व्हिडिओ घरगुती कसा होईल? एका चेहऱ्यावरून हवं ते खोटं चित्र बनवणारी साधनं आता पोराटोरांच्या हातात आहेत. लहान मुलांचे असे विकृत फोटो शोधून काढणाऱ्या ब्रिटनमधल्या इंटरनेट वॉच फाउंडेशननं २०२३मध्येच त्याबद्दल अहवाल काढून सावध केलं होतं. मावशीला रात्री हे आठवतं आणि मग झोप येत नाही. पासवर्डच्या आड ठेवलेली, नोंदवलेल्या पालकांनाच मिळणारी लिंक, तिला बारा पौंड पडले तरी ती त्या फुकट यूट्यूबपेक्षा बरी.

पण एका गोष्टीत तुझा राग रास्त आहे. १९९६च्या शिक्षण कायद्यानं तिकडच्या सरकारी शाळेला शाळेच्या वेळातल्या शिकवण्याचे पैसे घेता येत नाहीत. ऐच्छिक वर्गणी मागता येते, आणि ती दिली नाही म्हणून कुठल्या मुलाला वगळता येत नाही. म्हणजे मेंढरू होणं फुकट. रेकॉर्डिंग मात्र वरचं, ते विकता येतं. आणि इथेच काही घरं गळतात. ज्या घरात बारा पौंड म्हणजे आठवड्याच्या वाणसामानातली कपात, ते घर बहुधा नाटकालाही आलेलं नसतं, कारण सकाळच्या पाळीला सुट्टी घेतली की पगार कापतात. रेकॉर्डिंगची सगळ्यात जास्त गरज त्यालाच, आणि तेच त्याच्याकडे नाही. आपल्या जावयांची त्या दिवशी इस्पितळात ड्यूटी होती म्हणून ते मुकले; त्यांना बारा पौंड परवडतात. ज्यांना परवडत नाहीत अशी घरं चिऊच्या वर्गात असणारच. चिऊच्या शेजारचं मेंढरू कदाचित त्यातलंच असेल.

म्हणून मावशीचं म्हणणं असं. पैसे घ्यावेत, पण नगाप्रमाणे विकू नये. सगळ्या पालकांनी मिळून खर्च उचलावा, जमेल त्यानं दहा द्यावेत, वीस द्यावेत, नाही जमलं त्यानं काही देऊ नये, आणि लिंक वर्गातल्या प्रत्येक घराला जावी. कुणी किती दिले ते खजिनदाराखेरीज कुणाला कळू नये. हे पालक-शिक्षक मंडळाच्या बैठकीत मांडायला तू जा. तुझं इंग्रजी चांगलं आहे, भिडस्त तर तू कधीच नव्हतीस. तिकडचे आपले लोक अशा बैठकांना जात नाहीत आणि मग घरी येऊन कुरकुरतात, ही तक्रार तूच केली होतीस.

आणि जपणुकीचं काय? कॉव्हेंट्रीच्या त्या शिंप्यांच्या नाटकाचं हस्तलिखित बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात होतं. १८७९मध्ये ग्रंथालयाला आग लागली आणि ते जळलं. आज ते नाटक, आणि त्यातलं जगभर गायलं जाणारं कॉव्हेंट्री कॅरल, आपल्याला ठाऊक आहे ते टॉमस शार्प नावाच्या गावातल्याच एका अभ्यासकानं १८१७ आणि १८२५मध्ये त्याच्या छापील प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून. आपल्या मराठीचंही बघ. ख्रिस्तजन्माची कथा ओव्यांत सांगणारा इंग्रजच होता, विल्टशरचा. फादर स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६मध्ये राचोलला छापलं गेलं. त्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ज्यांनी हातानं उतरवून घेतलं त्यांच्यामुळे ते आपल्यापर्यंत आलं. देवनागरीतली एक पोथी तर लंडनच्या सोआस संस्थेच्या संग्रहात आहे, तुझ्यापासून तासाभराच्या गाडीवर. कधीतरी चिऊला घेऊन जा.

आपल्या घरातल्या कपाटात व्हीएचएसच्या कॅसेटी पडल्या आहेत, तुझ्या भावाच्या मुंजीच्या, ताईच्या साठीच्या. ती यंत्रं बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. २०१६च्या जुलैत तिनंही उत्पादन थांबवलं. आता त्या फिती कुणी वाचून देईल का, या चिंतेत मावशी दुकानं हिंडते आहे. सीडींचं तेच होणार, लॅपटॉपला खाच उरलेलीच नाही. आणि लिंक? लिंक म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर ठेवलेली वस्तू. त्याचा करार संपला, धंदा बंद पडला, की ती गेली.

तेव्हा असं कर. वन्संना आजच फोन करून स्टेटस उतरवायला सांग, गटातली क्लिप सगळ्यांसाठी पुसून टाक; काकूंना इकडून सांगितलंच आहे. बारा पौंड भर. त्यावर आणखी एका घराचे बारा भर आणि ऑफिसात सांग, नाव न लावता कुणाला तरी द्या. तुझ्या वाढदिवसाचे मावशीचे पैसे त्यातच गेले असं समज. लिंक आली की फाइल पूर्ण उतरवून घे, फोनवर नुसती बघत बसू नकोस. एक प्रत तुझ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या स्वतंत्र डिस्कवर (जावयांच्या कामाच्या लॅपटॉपवर नको), आणि एक पेन ड्राइव्हवर घालून एप्रिलात येशील तेव्हा ताईकडे. उतरवायची परवानगी आहे की फक्त बघायची, आणि लिंक किती दिवस उघडी राहणार, हे त्यांच्या ई-मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते नीट वाच. शुक्रवारी तुमच्या शाळेला नाताळची सुट्टी लागते ना? मग दोन आठवडे ऑफिसात फोन उचलायला कुणी नसेल. अडलं तर विचारणार कुणाला? गुरुवारच्या आत हे उरकून घे आणि उरकलं की लगेच कळव.

तुझी,
मावशी